गांडुळाच्या पेशीतले शेंडेनक्षत्र

मृगाचा पहिला पाऊस झाला, की अंगणात गांडुळे दिसू लागतात. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपण सारेच शाळेत शिकलो. चार्ल्स डार्विनने १८८१ साली या मित्रावर अख्खे पुस्तक लिहिले. मातीची मशागत करणारा हा जीव मातीची नाडीही दाखवतो, ही ओळख मात्र त्या मानाने नवी.

पुण्यात ही नाडी पाहायची, तर हडपसरच्या पुढे जायला हवे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात शहराने वर्षानुवर्षे आपला कचरा नेऊन टाकला. ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या, गावकऱ्यांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ आली, पुन्हा पुन्हा आंदोलने झाली. भाजीच्या देठांबरोबर जुने सेल आणि रंगाचे डबेही एकाच ढिगात गेले, की शिसे, कॅडमियम यांसारखे धातू पाण्यावाटे मातीत उतरू शकतात.

गांडूळ तीच माती खाते, तिच्यातला ओलावा त्वचेतूनही शोषते. ते लगेच मरेलच असे नाही. पहिला घाव बसतो तो पेशीत, डीएनएच्या धाग्यावर.

हा घाव पाहण्याची एक कसोटी आहे. तिला ‘कॉमेट’ म्हणतात. नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तिला आजचे प्रचलित रूप दिले. गांडुळाला न मारता त्याच्या अंगातल्या द्रवातील पेशी घेतात, काचपट्टीवर जेलमध्ये बसवतात, त्यांचे आवरण विरघळवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. धड डीएनए जागीच राहतो, तुटलेले तुकडे पुढे सरकतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते हुबेहूब शेंडेनक्षत्र! शेपूट जितके मोठे, तितकी इजा अधिक.

मातीत कोणते विष किती आहे, हे रासायनिक तपासणी सांगते. त्यातले सजीवाच्या अंगी किती लागले, हे गांडूळ सांगते. अर्थात, गांडुळाला इजा झाली म्हणजे माणसाला रोग होणारच, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. काही तुटी पेशी स्वतःच सांधून घेते. पण ज्या मातीत गांडुळाच्या पेशी तुटतात, तिथली भाजी आणि विहीर यांच्याकडे निर्धास्तपणे कसे पाहावे?

म्हणूनच, कचऱ्याचा ढीग हलला म्हणजे जमीन निर्मळ झाली, असे मानू नये. तिथल्या गांडुळांची साक्ष आधी घ्यावी. आणि आपणही, संपलेला सेल ओल्या कचऱ्यात टाकण्यापूर्वी, घटकाभर थांबावे.