छत्तीसचा आकडा आणि उजव्या खांद्यावरचा पदर

मोबाइलमधला कुठलाही फोटो उघडा आणि 'एडिट'वर जा. तिथं दोन बटणं जवळजवळच असतात. एक फोटो फिरवतं, दुसरं पलटवतं. आपण दोन्ही बिनधास्त दाबतो, काय फरक पडतो? मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रायोगिक अंकासाठी मी मंडईतल्या एका भाजीवाल्या आजींवर लिहिलं होतं. फोटो झकास आला, पण त्यात आजी पानाच्या बाहेर बघत होत्या. माणसानं मजकुराकडे बघावं, हा लेआउटचा पहिला धडा. डेडलाइनला वीस मिनिटं उरलेली. मी 'फ्लिप' मारलं, आजी वळल्या आणि अंक छापून आला.

अंक घेऊन मंडईत गेले. आजी एकदम खूश! "अगदी माझ्यासारखी दिसतेय गं पोरी!" मग त्यांच्या सुनेनं अंक हातात घेतला. "ताई, आईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा? आणि तागडी डाव्या हातात?"

माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बातमीतला शब्द न् शब्द खरा होता, फोटो मात्र खोटा.

घरी येऊन शाळेतली भूमिती आठवली. एखादी आकृती जागची हलवायची, पण तिचं माप बदलायचं नाही, तर मार्ग मोजकेच. सरकवा, म्हणजे स्थानांतर. एका बिंदूभोवती फिरवा, म्हणजे परिभ्रमण. आरसा धरून पलटवा, म्हणजे परावर्तन. आणि पलटवून सरकवा. चौपाटीच्या ओल्या वाळूत उमटलेली आपली पावलं आठवा. डावं, उजवं, डावं, उजवं. प्रत्येक पाऊल म्हणजे आधीच्या पावलाचं आरशातलं रूप, पुढे सरकलेलं. यापलीकडे पाचवा मार्ग नाही. माप बदललं, तर मात्र ते लहान-मोठं करणं झालं, ती वेगळी गोष्ट.

मग समोरच्या दोन आकृत्यांमध्ये नेमकं काय घडलंय, ते ओळखायचं कसं? कागदावर मराठीत ३६ लिहा. ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसलेत, म्हणून तर भांडणाला आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. आता सांगा, ३ चा ६ फिरवून होतो की पलटवून? ३ ला अर्धा फेरा द्या. तोंड उजवीकडे येतं खरं, पण खालची शेपटी वर जाते. म्हणजे नुसतं फिरवून भागत नाही. शेजारी आरसा उभा धरला, की जमतं.

प्रत्येक आकृतीला शेपटी नसते, म्हणून हा हुकमी उपाय. त्रिकोणाच्या कोपऱ्यांना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं क, ख, ग अशी नावं द्या. दुसऱ्या त्रिकोणात त्याच कोपऱ्यांवरून क, ख, ग असा फेरा मारा. फेरा त्याच दिशेनं झाला, तर आकृती पलटलेली नाही. बाजू तशाच त्याच दिशेला असतील तर सरकली, कललेल्या असतील तर फिरली. फेरा उलट्या दिशेनं झाला, तर मध्ये कुठंतरी आरसा आहे. तो शोधायलाही सोपं. क पासून नव्या क पर्यंत, ख पासून नव्या ख पर्यंत रेघ ओढा आणि रेघांचे मध्यबिंदू जोडा. जोडणारी रेषा त्या रेघांना काटकोनात छेदत असेल, तर तोच आरसा. तिरकी छेदत असेल, तर वाळूतल्या पावलांचा प्रकार.

पाचवी-आठवीच्या स्कॉलरशिपला 'आरशातील प्रतिमा' आणि 'जलप्रतिमा' सोडवताना डोकं धरून बसलो होतो, आठवतंय? भरतीच्या परीक्षांची तयारी करणारे आजही बसतात. पर्यायांमध्ये एक फिरवलेला असतो, एक पलटवलेला, आणि घाईत दोन्ही सारखेच वाटतात. कोपऱ्यांचा फेरा मारा, निम्मे पर्याय तिथंच गळतात.

आणखी एक गंमत. फोटो आडवा पलटवा, मग उभा पलटवा. आता तो फक्त अर्धा फेरा फिरलेला असतो, पाटीवरची अक्षरं पुन्हा वाचता येतात. दोन आरसे एकमेकांना खोडून काढतात. एकटा आरसा मात्र डाव्याचं उजवं करूनच सोडतो. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला उलटी अक्षरं असतात, ती याचसाठी. पुढच्या ड्रायव्हरच्या आरशात ती सुलटी होतात.

मग आजींच्या लक्षात कसं नाही आलं? कारण रोज सकाळी त्या स्वतःला आरशातच बघतात. तिथं पदर उजव्याच खांद्यावर दिसतो. त्यांच्यासाठी माझा फोटो बरोबर होता. बाकी सगळ्या जगासाठी चूक.

पुढच्या अंकात आम्ही दुरुस्ती छापली, मूळ फोटोसकट. तो घेऊन पुन्हा मंडईत गेले. आजींनी बराच वेळ निरखला आणि तोंड वाकडं केलं. "हा काही बरा नाही आला. मागचाच चांगला होता."

सून मेथीच्या जुड्या लावत होती. मान वर करून म्हणाली, "आई, आम्हाला तुम्ही अशाच दिसता."