मालगुडी उभं करणारा नट

बंगळुरात रिक्षाच्या पाठीवर आजही ज्याचं चित्र दिसतं तो शंकर नाग आणि १९८६-८७च्या सुमारास दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ घेऊन आलेला शंकर नाग हा एकच माणूस आहे, हे महाराष्ट्रात फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. कर्नाटकात तो आधी ‘ऑटो राजा’चा नायक. १९८०च्या त्या चित्रपटानंतर रिक्षावाल्यांनी त्याला आपला मानला तो कायमचाच. कित्येक रिक्षाथांब्यांना त्याचं नाव आहे. मराठी प्रेक्षकाला मात्र हाणामारी करणारा हा नायक ठाऊक नाही. त्याला आठवतो तो मालिकेतला छोटा स्वामी, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून. शंकरची कारकीर्द पाहताना मला राहून राहून वाटतं, की या दोन ओळखी वेगळ्या काढताच येणार नाहीत. दिग्दर्शक शंकरला घडवलं ते नट शंकरनं, आणि त्या नटाच्या सुरुवातीच्या तालमी झाल्या मुंबईत.

जन्म ९ नोव्हेंबर १९५४, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावरचा. घर कोकणी बोलणाऱ्या नागरकट्ट्यांचं. थोरला भाऊ अनंत आधीच मुंबईच्या रंगभूमीवर रुळला होता. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मुळे १९७४पासून देशभर त्याचं नाव झालं. शंकरही मुंबईत आला, बँकेत चिकटला आणि नाटकात शिरला. मराठी रंगभूमीशी त्याचा संबंध आला तो इथंच. पुढे पत्नी झालेल्या अरुंधती राव यांची भेटही नाटकामुळेच झाली. मुंबईची ही शिदोरी त्यानं टाकून दिली नाही. बंगळुरात ‘संकेत’ ही नाट्यसंस्था उभी केल्यावर जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ त्यानं कन्नडमध्ये आणली. विजया मेहतांनी मराठीत गाजवलेल्या या दोन्ही नाटकांत नटाला लपायला जागा नाही. आरडाओरडा चालत नाही, नुसत्या देखणेपणावरही भागत नाही. अशा नाटकांच्या वाटेला जाणारा माणूस पडद्यावर मारामाऱ्या करत होता तेव्हाही आतून कुठल्या मातीचा होता, ते यावरून कळतं.

सिनेमात त्याला ओढलं गिरीश कर्नाडांनी. ‘ओंदानोंदु कालदल्लि’ (१९७८) हा कर्नाडांचा चित्रपट भाडोत्री योद्ध्यांचा, कुरोसावाच्या सामुराईपटांशी नातं सांगणारा. त्यातल्या भूमिकेसाठी शंकरला भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. पुढच्या बारा वर्षांत त्यानं कन्नडमध्ये इतके चित्रपट केले की एकेकाची दखल घेत बसण्यात अर्थ नाही. त्यात गल्लाभरू माल पुष्कळ आहे. पण दिग्दर्शक म्हणून त्यानं निवडलेले विषय वेगळेच आहेत. ‘मिंचिन ओट’ (१९८०) गाड्या चोरणाऱ्यांचा. ‘ॲक्सिडेंट’ (१९८५) फुटपाथवर झोपलेल्यांना चिरडून जाणाऱ्या बड्या घरच्या पोराचा. सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘ॲक्सिडेंट’ला मिळाला. गल्ल्याच्या चित्रपटांतून नाव आणि पैसा मिळवायचा आणि तो अशा कामांत घालायचा, असा त्याचा हिशेब असावा असं मला वाटतं.

मग ‘मालगुडी’. निर्माते टी. एस. नरसिंहन. मालगुडीच्या गोष्टी लिहिणाऱ्या आर. के. नारायण यांचा पडद्याचा अनुभव कडू होता. त्यांच्या कादंबरीवरच्या ‘गाईड’ चित्रपटानं मालगुडीच गायब केलं याबद्दल त्यांनी नाराजीनं लिहिलं होतं. म्हणजे आधी गाव उभं करायला हवं होतं. शंकरनं शिवमोग्गा जिल्ह्यातलं आगुंबे निवडलं, पश्चिम घाटातलं, भरमसाट पावसाचं. तिथल्या ‘दोड्डमने’ या जुन्या वाड्यात स्वामीचं घर थाटलं. जॉन देवराज यांनी गावाला दुकानं आणि चौकातला पुतळा दिला. रेल्वेचे प्रसंग त्याच जिल्ह्यातल्या अरसाळु स्थानकात झाले. तिथल्या जुन्या इमारतीत आता रेल्वेनं मालगुडीचं संग्रहालय केलं आहे.

पण गाव नुसत्या भिंतींनी होत नाही. इथं नट असलेला दिग्दर्शक कामाला आला. स्वामीच्या बापाच्या भूमिकेत साक्षात कर्नाड, आईच्या भूमिकेत वैशाली कासरवल्ली. बाप पोराला गणित घालतो: इतके आंबे, इतके आणे, तर अमुक आंब्यांचे किती? आणि स्वामीला पडलेला प्रश्न असा, की आंबे पिकलेले होते की कच्चे? स्वामी झालेला मास्टर मंजुनाथ हे विचारतो ते गंमत करायला नव्हे. त्याला खरंच अडलंय. समोर कर्नाडही या बापाला खाष्ट करत नाहीत. त्याचा संताप आणि त्याची हतबलता एकाच वेळी दिसते. हसवायचं म्हणून दोघांतलं कुणीच काही करत नाही, त्यामुळे हसू येतं आणि पोराची कीवही येते. लहान मुलाकडून इतकं सरळ काम करून घेणं फार अवघड. मुलाला घोटवून घेतलं की ते पोपटासारखं बोलतं, मोकळं सोडलं की कॅमेऱ्याकडे बघतं.

दुसरं उदाहरण विष्णुवर्धनचं. कन्नड पडद्यावरचा हा बडा नायक इथं पंचेचाळीस रुपये पगाराच्या गोष्टीतला कारकून वेंकटराव झाला. मुलीला सिनेमाला न्यायचं कबूल केलेलं, साहेब सोडत नाही, हा राजीनामा लिहायला बसतो आणि पगारात पाच रुपये वाढल्याचं कळताच गप्प होतो. ज्याच्यासाठी थिएटरात शिट्ट्या पडत त्याला असं खाली मान घालायला लावणं दुसऱ्या एखाद्या नायकालाच जमावं. अनंत नाग मिठाईवाला जगन झाला, आणि शंकर स्वतः? तो मधूनच किरकोळ भूमिकांत दिसून जातो. मुख्य काम त्यानं दुसऱ्यांना दिलं. मला त्याचं मोठेपण इथं सर्वांत जास्त दिसतं.

पहिल्या फेरीतले ३९ भाग त्याचे. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळच्या अनगोडूपाशी मोटार अपघातात तो गेला. वय ३५. २००६ साली कविता लंकेश यांनी मालिकेत १५ भागांची भर घातली. त्याच्या आधी, २००४मध्ये, त्या अपघातातून वाचलेल्या अरुंधतींच्या पुढाकारानं बंगळुरात ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभं राहिलं होतं. तिथं कन्नडबरोबर इतर भाषांतली नाटकंही होतात. पडदा ठरल्या वेळेला उघडतो आणि उशिरा येणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, आत सोडत नाहीत.