विरार फास्ट ते सॅन फ्रान्सिस्को

दुबई, टोरांटो, मेलबर्न ही नावं वसई-विरारच्या घरांत नायगाव-नालासोपाऱ्याइतक्या सहज घेतली जातात. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची बहीण. मग या लांबच्या वाटांचा हिशेब एकदा मांडायलाच हवा!

३८ किमी, अडीच मिनिटं
विरार ते अंधेरी रेल्वेने साधारण ३८ किमी. ताशी ९०० किमी वेगाने उडणारं विमान एवढं अंतर अडीच मिनिटांत कापतं. तेवढ्या वेळात फास्ट लोकल जेमतेम नालासोपाऱ्याकडे सरकलेली असते.

दुबईला तीन तास का?
मुंबई-दुबई अंतर सुमारे १,९३० किमी. पूर्ण वेगाने हे दोन तासांचं काम, पण वेळापत्रकात तीनाहून अधिक तास असतात. कारण घड्याळ सुरू होतं ते विमान जागेवरून हललं की, आणि थांबतं ते दुबईत जागेवर उभं राहिल्यावर. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण हे सगळं त्यात आलं. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते.

सहा महिने विरुद्ध नऊ तास
वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता तेव्हा लिस्बनहून गोव्याला येणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून साधारण सहा महिन्यांनी पोचायचं. मुंबई-लिस्बन सरळ हवाई अंतर सुमारे ८,००० किमी, म्हणजे विमानाच्या वेगाने नऊ तास.

वसईकर नागासाकीत
वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत हुतात्मा झाले. मुंबईपासून ते शहर सरळ रेषेतही सुमारे ५,८०० किमी लांब. ही मजल त्यांनी शिडाच्या जहाजांच्या काळात मारली होती!

पस्तीस प्रवासी, दोन थांबे
८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. प्रवासी ३५, थांबे कैरो आणि जिनिव्हा. आज तेच ७,२०० किमी विनाथांबा साधारण साडेनऊ तासांत होतात. येताना वेळ आणखी कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून ढकलतात.

अमेरिका उत्तरेला!
मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किमी. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. सर्वांत जवळची वाट मुंबईतून जवळजवळ थेट उत्तरेला निघते आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून पलीकडे उतरते.

लांबून जा, लवकर पोचा
ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किमी वाढून १५,३०० झालं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. पाठीशी वारा होता ना!

घरच्या घरी हिशेब
किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. लांबच्या उड्डाणाचा अंदाज बराचसा बरोबर येतो. त्यात वाऱ्याची दिशा तेवढी विसरू नका. परदेशातल्या लेकराला घ्यायला कधी निघायचं हे ठरवताना नकाशावरच्या अंतरापेक्षा तिकिटावरचे तास खरे.