भयाचे भांडवल

गिऱ्हाइकाला मालाचे गुण सांगून विक्री करण्याची रीत जुनी आहे. त्याला आधी भेडसावून मग माल पुढे करण्याची रीतही काही नवी नाही. जिवाच्या धोक्याचा इशारा कोणीही सहसा दुर्लक्षित नाही. म्हणूनच जाहिरातदाराला त्याचा मोह पडतो.

याचे ठळक उदाहरण अमेरिकन चित्रपट-निर्माते विल्यम कॅसल यांचे. १९५८ साली त्यांनी ‘मकाब्र’ हा भयपट काढला. पाहताना भीतीने कोणाचा मृत्यू ओढवल्यास १,००० डॉलर मिळतील, असे लंडनच्या लॉइड्सच्या विम्याचे प्रमाणपत्र प्रत्येक प्रेक्षकाला देण्यात आले. चित्रपटगृहांच्या आत परिचारिका व दाराबाहेर शववाहिका उभ्या करण्यात आल्या. धोका नसला तरी धोक्याचा सारा सरंजाम होता, आणि त्यानेच गर्दी खेचली. १९६१ च्या ‘होमिसायडल’मध्ये कॅसल यांनी आणखी एक युक्ती योजली. अखेरच्या प्रसंगाआधी ४५ सेकंदांचा अवधी देऊन, घाबरलेल्यांनी उठून जावे व तिकिटाचे पैसे परत घ्यावेत, असे जाहीर केले जाई. मात्र पैसे मागणाऱ्याला सर्वांदेखत ‘भित्र्यांच्या कोपऱ्यात’ जावे लागे. परतफेडीचे वचन दिले, पण ती मागण्याची लाज वाटावी अशी तजवीजही केली!

चित्रपटगृहातील हा खेळ प्रेक्षकही हसत खेळत. दुकानाच्या फळीवर मात्र त्याचे स्वरूप पालटते. लिस्टरीन हे १८७९ साली तयार झालेले जंतुनाशक. १९२० च्या दशकातील जाहिरातींनी तोंडाच्या दुर्गंधीला ‘हॅलिटोसिस’ हे भारदस्त नाव रूढ केले आणि तिच्यामुळे लग्ने जुळत नाहीत, अशी धास्ती घातली. याच औषधाने सर्दी टळते, हा दावाही अनेक दशके चालला. १९७५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो खोटा ठरविला व १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. सर्दी टळत नाही, हे कंपनीला स्वतःच्याच जाहिरातींतून सांगावे लागले.

आपल्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशी जाहिरात बंद करण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही देता येतो.

दंडापेक्षा मोठे नुकसान निराळेच आहे. खोट्या इशाऱ्यांनी कान किटले, की औषधाची मुदत, शेंगदाण्याची ॲलर्जी, कीटकनाशक मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना, हे खरे इशारेही कोणी वाचत नाही. मग बाधा होते ती जिवाला, आणि दोष येतो तो दुकानाला.

दोहोंतला फरक ओळखणे अवघड नाही. खरा इशारा कोणाला, किती प्रमाणात व कशाने अपाय होतो हे नेमके सांगतो. प्रसंगी विक्रेत्याची विक्रीही घटवतो. बनावट इशारा मोघम असतो आणि त्याचा उपाय नेमका त्याच पेढीच्या बाटलीत सापडतो.

यास्तव कंपनीचा प्रतिनिधी ‘सावधान’ असा मथळा मिरवणारा फलक घेऊन आला, तर व्यापाऱ्याने आधी त्या विधानाचा लेखी पुरावा मागावा. तो हाती येईपर्यंत फलक गुंडाळूनच ठेवावा. गिऱ्हाईक फलकावर नव्हे, तो लावणाऱ्या दुकानदारावर विसंबते.