एकदाच बुडणारा तापमापक

अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीपाशी नर्मदा महाराष्ट्राची हद्द सोडते आणि भरूच ओलांडून खंबातच्या आखातात समुद्राला मिळते. पुढे अरबी समुद्राचा तळ हजारो मीटर खाली जातो. तिथे उजेड पोचत नाही, म्हणून तळ मोजायचा तो आवाजानं.

हिशेब सोपा वाटतो. सोनार यंत्राचा ध्वनी तळावर आदळून परततो. लागलेला वेळ निम्मा करून वेगानं गुणायचा. पण वेग किती धरायचा? समुद्रात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर असतो, आणि तापमान एका अंशानं बदललं की २ ते ४ मीटरनं बदलतो. वरचं पाणी २८ अंशांचं, तर हजार मीटरवरचं दहाच्याही खाली! सरासरी वेग ५ मीटरनं चुकला, तर ३००० मीटर खोलीत १० मीटरांचा फरक पडतो. एकाच वेळी अनेक किरण सोडणाऱ्या मल्टिबीम सोनारचे तिरपे किरण तर थराथरात वाकतात. वेग चुकीचा धरला की सपाट तळही नकाशात कडांना वर किंवा खाली वळलेला दिसतो.

यावरचा एक उपाय वीतभर लांबीचा आहे. एक्सबीटी, म्हणजे एकदाच वापरायचा तापमापक. जड धातूचं नाक, त्यात तापमान टिपणारा थर्मिस्टर, मागे प्लॅस्टिकची शेपटी आणि केसासारखी बारीक तांब्याची तार. तार जहाजावरच्या आणि यंत्रातल्या अशा दोन्ही रिळांतून सुटते, त्यामुळे जहाजाला थांबावं लागत नाही. खोली मोजायचं साधन त्यात नाहीच. पडायला लागलेल्या वेळावरून ती काढतात. दोनेक मिनिटांत सातशे मीटरांपर्यंतचं तापमान कळतं, तार तुटते, यंत्र तळाला जातं. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९९०पासून चेन्नई-पोर्ट ब्लेअर मार्गावरच्या प्रवासी जहाजांवरूनही असे तापमापक सोडले. ती मोजणी समुद्राच्या अभ्यासासाठी होती, पण यंत्र तेच.

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मल्टिबीमनं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यातले सागरी पर्वत मोजले. त्यांतल्या एकाला भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचं नाव आहे. तबला-मृदंगाच्या नादाचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं नाव आवाजानं मोजलेल्या डोंगराला मिळावं, हे फार शोभून दिसतं.

ध्वनीचा वेग खारटपणावरही ठरतो, आणि एक्सबीटीला तो कळत नाही. खोल समुद्रात खारटपणाच्या जुन्या नोंदींवर भागतं. पावसाळ्यात नर्मदेच्या मुखाशी भागणार नाही. गोडं पाणी मिसळलं की ध्वनी मंदावतो. अशा ठिकाणी सर्वेक्षक होडी थांबवून ध्वनीचा वेगच थेट मोजणारं यंत्र दोरीनं पाण्यात सोडतात.