अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंटचा हिशेब

साध्या राहणीचा उपदेश करणाऱ्यांची जगात कधीच वानवा नव्हती. आपल्या साधेपणाचा पै-पैचा जमाखर्च छापून देणारा मात्र हेन्री डेव्हिड थोरोसारखा विरळाच. १८५४ साली निघालेल्या त्याच्या ‘वॉल्डन’चं पहिलं आणि सगळ्यांत लांब प्रकरण ‘इकॉनॉमी’ हे आहे. बरेच वाचक ते चाळून पुढं सरकतात आणि तळं, पाखरं, मुंग्यांची लढाई यांच्याकडे धाव घेतात. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं हा ग्रंथ मराठीत आणला, तेव्हापासून आपल्याकडेही थोरो म्हटलं की अरण्य आणि चिंतन हीच जोडी डोळ्यांपुढं येते. माझ्या मते त्याच्या विचाराचा कणा त्या रुक्ष वाटणाऱ्या आकड्यांत आहे. आयुष्यातला पसारा आवरायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं तळ्याकाठी नंतर फिरावं, आधी ही वही उघडावी.

चरित्र थोडक्यात उरकतो. जन्म १८१७, मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी, शिक्षण हार्वर्डला, वडिलांचा पेन्सिलींचा धंदा, थोडी मास्तरकी, पुढं जमीनमोजणी, १८६२ मध्ये क्षयानं मृत्यू. ४ जुलै १८४५ रोजी तो गावाबाहेर वॉल्डन तळ्याकाठी, आपला लेखक-मित्र इमर्सन याच्या जमिनीवर बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तिथून निघाला. कर नाकारल्याबद्दल एक रात्र तुरुंगात काढली तीही याच मुक्कामात. गांधीजींमुळे ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच.

आता वही. झोपडी दहा फूट बाय पंधरा फुटांची. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट. त्यातल्या बहुतेक रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन, मोडून काढलेल्या. काचांसकट दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट, हजार जुन्या विटा ४ डॉलर, खिळे ३ डॉलर ९० सेंट. चुना २ डॉलर ४० सेंट, आणि तो महाग पडला अशी पुढं नोंद. गिलाव्यात मिसळायचे केस ३१ सेंट. गरजेपेक्षा जास्त आणले गेले, हीसुद्धा नोंद. कडी १० सेंट. खडू १ सेंट. वाहतूक १ डॉलर ४० सेंट, कारण बराचसा माल त्यानं पाठीवरून वाहिला. बाकीच्या बाबी धरून एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. एका सेंटच्या खडूची नोंद करणारा माणूस विरक्त नसतो, व्यवहारी असतो. लगेच पुढं तो सांगतो की हार्वर्डचा विद्यार्थी याहून जराशाच मोठ्या खोलीचं वर्षाचं भाडं ३० डॉलर भरतो. म्हणजे एका वर्षाच्या भाड्यात कायमचं घर!

पण हा स्वस्ताईचा अभिमान म्हणून वाचला तर मर्म हुकतं. थोरोच्या हिशेबाचं नाणं वेगळं आहे: वस्तू मिळवण्यासाठी आयुष्याचा जेवढा भाग द्यावा लागतो, तेवढी तिची किंमत. त्याचं रेल्वेचं उदाहरण पाहा. फिचबर्ग तीस मैलांवर, भाडं ९० सेंट. याच मार्गावरच्या मजुरांना एके काळी दिवसाला ६० सेंट मिळत. पायी निघालेला माणूस रात्रीपर्यंत पोचतो, आणि गाडीनं जाणारा दिवसभर भाडं कमावण्यात घालवतो. मग वेगवान कोण? हप्त्यावर गाडी घेऊन त्याच गाडीनं हप्ता फेडायच्या नोकरीला जाणाऱ्यांनी हे गणित एकदा आपल्या आकड्यांनिशी करून पाहावं. थोरोचं उत्तर असं निघालं की वर्षातले सुमारे सहा आठवडे मजुरी केली की पोटापाण्याचं भागतं. उरलेला काळ त्याचा.

विशेष म्हणजे त्याचा ताळेबंद तुटीचा आहे. घर, शेती, आठ महिन्यांचं अन्न, कपडे, दिव्याचं तेल मिळून खर्च ६१ डॉलर ९९¾ सेंट. शेतमाल आणि मजुरी मिळून जमा ३६ डॉलर ७८ सेंट. तूट पंचवीस डॉलरच्या वर, म्हणजे जवळपास हाताशी होतं तेवढं भांडवल खर्ची पडलं. त्या बदल्यात घर उभं राहिलं आणि मोकळीक मिळाली. तो ही तूट झाकत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

आक्षेप जुना आहे: अहो, हा तर आईच्या घरी जेवायला जाई, कपडे दुसरं कोणी धुई! जेवणाचं खरं आहे, आणि तो स्वतःच लिहितो की अधूनमधून बाहेर जेवत आलो आहे. धुणं आणि शिवणकाम बहुतेक बाहेर झालं, त्याचं बिल अजून आलेलं नाही, हेही वहीत आहे. ते बिल बहुधा कधी आलंच नसावं. दुसऱ्याचे, विशेषतः घरातल्या बायकांचे कष्ट बिनमोल धरून आपला वेळ वाचवणं सोपं असतं, आणि साधेपणाच्या पुष्कळ पुरुषी प्रयोगांत ही फट सापडते. त्यामुळे हिशेब अपुरा ठरतो हे मान्य. पण हिशेबाची रीत खोटी ठरत नाही. उलट त्याच रीतीनं ते बिलही मांडता येतं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जॉन फील्ड हा आयरिश मजूर बायकामुलांसह गळक्या खोपटात राहून, एकरी दहा डॉलरवर दलदलीची जमीन खणत होता. चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस सोडलंस तर एवढं राबावं लागणार नाही, असं थोरोनं त्याला सांगितलं. इथं तो मला पटत नाही. एकटा, शिकलेला, गरज पडली तर बापाच्या कारखान्यात परतू शकणारा माणूस आणि पोरांचं तोंड बघून खणणारा माणूस यांना एकच वजाबाकी लागू होत नाही. ज्याच्याकडे सोडण्याजोगं काही आहे त्यालाच निवड असते. थोरोची वही मध्यमवर्गासाठी आहे. ती गरिबाच्या हातात देणं हा उद्धटपणा होतो.

तरीही मुख्य प्रश्न उरतो: वाचवलेला काळ कशासाठी? नुसती अडगळ काढणाऱ्यांची गाडी इथंच अडते. कपाटं रिकामी होतात, आणि रिकाम्या दुपारी काय करायचं ते कळत नाही. थोरोकडे उत्तर आधीपासून होतं. १८३९ मध्ये तो आणि थोरला भाऊ जॉन होडीतून काँकर्ड आणि मेरिमॅक नद्यांवर हिंडले होते. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याच्या लहानशा जखमेतून धनुर्वात होऊन जॉन गेला. त्या प्रवासाचं पुस्तक लिहायचं होतं. वॉल्डनला जाण्यामागं हे काम होतं आणि पहिला मसुदा तिथंच पुरा झाला. शिवाय ‘वॉल्डन’चाही पहिला मसुदा. शिवाय १८४६ च्या आरंभी, तळं गोठलेलं असताना, होकायंत्र, साखळी आणि दोरी घेऊन केलेली मोजणी: गावकरी ज्याला तळच नाही म्हणत, ते १०२ फूट खोल निघालं. आधी काम ठरलं, मग त्याला आड येणारं एकेक बाजूला गेलं. काम झाल्यावर झोपडीचीही आसक्ती धरली नाही. इमर्सन युरोपला निघाला तेव्हा हा त्याच्या भरल्या घरात राहायला गेला.

भावाच्या आठवणीचं ते पुस्तक १८४९ मध्ये निघालं, छपाईचा भार लेखकाच्याच माथी. हजार प्रती छापल्या; १८५३ मध्ये त्यांतल्या ७०६ प्रकाशकानं परत पाठवल्या आणि थोरोनं त्या पाठीवरून दोन जिने चढवून खोलीत रचल्या. याही व्यवहाराची नोंद त्यानं रोजनिशीत केली आहे: खिशातून दिलेले २९० डॉलर. ज्यानं खडूच्या एका सेंटचा हिशेब ठेवला, त्यानं या एका पुस्तकापायी दहा झोपड्यांहून अधिक रक्कम मोजली, आणि पुढच्याच वर्षी ‘वॉल्डन’ छापायला दिलं.