गल्ल्यातील नाणे आणि पारखी नजर

नगरच्या आडते बाजारात किंवा दाळमंडईत सकाळी दुकान उघडले, दिवाबत्ती झाली, की पहिले काम गल्ल्याचे. कालची मोड वेगळी करायची, रुपया, दोन, पाच आणि दहाच्या राशी लावायच्या, शंभर-शंभर नाण्यांची पाकिटे बांधायची आणि कमी पडेल ती चिल्लर बँकेतून आणायची. बोटांना याची इतकी सवय झालेली असते की डोळ्यांना नाण्याकडे पाहावेच लागत नाही. आकार आणि वजन यांवरून हात नाणे ओळखतो. नेमके येथेच काहीतरी हातचे निसटते.

सन २००१ मध्ये भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त भारत सरकारने पाच रुपयांचे नाणे काढले. ते केवळ संग्राहकांच्या पेटीसाठी नव्हते. नेहमीच्या चलनात आले. किराणा, कापड, भांडी अशा प्रत्येक व्यवहारात फिरले. ज्या समाजाने तो उत्सव गावोगावी साजरा केला, त्याच समाजातील अनेक पेढ्यांवरून ते नाणे सुटे म्हणून पुढे गेले. नाण्यावर काय लिहिले आहे, हे कितीजणांनी वाचले असेल?

चिल्लरीतून जुनी व संग्राह्य नाणी शोधणे हा जगभर रूढ झालेला छंद आहे. पाश्चात्त्य देशांत बँका कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळ्या देतात. छंदिष्ट त्या विकत घेऊन एकेक नाणे तपासतात आणि उरलेली परत करतात. आपल्याकडे नळीच्या जागी प्लास्टिकचे पाकीट आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर किंवा शंभराच्या पाकिटांत स्वीकारणे सोयीचे, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुचवले आहे. संग्राहकाला चिल्लर मुद्दाम आणावी लागते. व्यापाऱ्याला ती रोजच लागते. तपासून झालेली नाणी तो त्याच दिवशी गिऱ्हाइकाला देऊ शकतो. या छंदाला व्यापारी पेढीइतकी अनुकूल जागा दुसरी नाही.

नाणी येतात कोठून?

टांकसाळीतून थेट आलेल्या कोऱ्या पिशवीत बहुधा एकाच वर्षाची, एकाच छापाची नाणी असतात. तेथे शोधण्यासारखे फारसे नसते. खरी विविधता असते ती लोकांच्या हातून फिरून आलेल्या मोडीत. देवस्थानांच्या दानपेट्या, टोलनाके, बसवाहकांच्या चामडी पिशव्या आणि लहान मुलांचे मातीचे गल्ले हे त्याचे उगम. आपल्याच जिल्ह्यातील शिर्डीचे उदाहरण बोलके आहे. साईबाबा संस्थानाच्या दानपेट्यांत इतकी नाणी जमा होतात की ती ठेवायला बँकांना जागा अपुरी पडत असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकीकडे दुकानदार सुट्ट्यासाठी गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवतो आणि दुसरीकडे नाण्यांच्या थप्प्या पडून राहतात. बँकेतून चिल्लर मागून नेणारा व्यापारी शाखेवरचा भारच हलका करत असतो.

या कोंडीला दहा रुपयांच्या नाण्याविषयीच्या अफवेनेही हातभार लावला. अमुक रेषांचे नाणे खरे आणि तमुक रेषांचे खोटे, अशी आवई उठली आणि बाजारात नाणी नाकारली जाऊ लागली. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की तोवर दहा रुपयांची नाणी चौदा निरनिराळ्या नक्षींत काढली असून ती सर्व कायदेशीर आहेत. एकाने खोटे म्हणून नाकारलेले नाणे दुसऱ्याच्या संग्रहातील एक नमुना ठरते, तो असा.

काय पाहावे?

प्रथम सालाखाली पाहावे. तेथे पत्त्यांतील चौकटीसारखी खूण असेल, तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे. पाच टोकांचा तारा हैदराबादचा, बारीक गोल टिंब नोएडाचे. कोणतीच खूण नसेल, तर नाणे कोलकात्याचे. देशातील मागणी भागत नव्हती तेव्हा, १९८५ च्या सुमारास आणि पुन्हा नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, सरकारने परदेशी टांकसाळींतूनही नाणी पाडून आणली. ब्रिटन, दक्षिण कोरिया, स्लोव्हाकिया, रशिया आणि दक्षिण आफ्रिका येथील खुणा असलेले रुपये व पाच रुपये आपल्या गल्ल्यातून फिरून गेले आहेत.

त्यानंतर नाण्याची दुसरी बाजू पाहावी. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाली. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया आला. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे आणि संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे निघाले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासे आपल्याच जिल्ह्यातील. नेवाशाच्या आठवडे बाजारात त्या रुपयाने कोथिंबिरीची जुडी घेतली गेली असेल आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांच्याही ते ध्यानात आले नसेल.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. सर्वच स्मारक नाणी चलनात येत नाहीत. चौंडी येथे जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी तीनशे रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. अशी नाणी टांकसाळ संग्राहकांसाठी विकते; ती मोडीत सापडण्याची वाट पाहू नये.

जुने नाणे गेले कोठे?

आज पाकिटे उघडली तर जड, जाडजूड पाच रुपये क्वचितच दिसतात. तांबे-निकेलचे ते नऊ ग्रॅमचे नाणे हळूहळू नाहीसे झाले, कारण धातूचे मोल दर्शनी किमतीच्या वर जाऊ लागले. २००७ च्या सुमारास पोलादाची आणि २००९ पासून पितळी छटेची हलकी नाणी आली. भारी नाणे लोक बाजूला ठेवतात आणि हलके पुढे ढकलतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा ग्रेशॅमचा नियम म्हणून शिकवतात; आपल्या आजोबांना तो न शिकता ठाऊक होता. २००१ चे महावीर जन्मकल्याणकाचे नाणेही त्याच भारी धातूचे असल्याने दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. धातूसाठी नाणी वितळवणे हा मात्र गुन्हा आहे, हेही विसरू नये.

मोठी गळती झाली ती २०११ मध्ये. पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ती बदलून घेण्याची अखेरची मुदत २९ जून होती. त्या काही महिन्यांत घराघरांतील डबे रिकामे झाले. षटकोनी तीन पैसे, गोलाकार कोपऱ्यांचे चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडांचे दहा पैसे आणि गेंड्याची चार आण्यांची नाणी बँकेच्या काउंटरवर ओतली गेली. त्यात १९६८ ते १९७१ या काळातील, कमळ असलेले पितळी वीस पैसेही होते. त्यात सोने असल्याची वदंता एके काळी होती आणि लक्ष्मीपूजनासाठी ती एकशे आठ जमवण्याची घरोघरी हौस होती. दर्शनी किमतीपोटी मिळालेली रक्कम बहुतेक घरांत शे-दोनशेच्या पुढे गेली नसेल. गेला तो १ एप्रिल १९५७ पासूनचा, रुपयाचे चौसष्ट पैसे संपून शंभर नवे पैसे झाले तेव्हापासूनचा, घरातील हिशेबाचा इतिहास. दर प्रकारचे एकेक नाणे ठेवून घेतले असते, तरी तो टिकला असता.

जे अजून टिकले आहे, ते बहुधा देवघरात आहे. दिवाळीला वहीपूजनाच्या तबकात मांडला जाणारा राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणूनच तो बंदा रुपया तागडीत वजन म्हणूनही चाले आणि ऐंशी रुपयांचा एक शेर होई. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया फार दुर्मीळ आहे. १९११ च्या रुपयाची कथा तर रंजक आहे. राजाच्या अंगावरील पदकातला हत्ती लोकांना डुकरासारखा भासला, गहजब झाला आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलावी लागली. येत्या दिवाळीत तबकातील रुपयावरचे साल एकदा वाचून पाहावे.

परख आणि प्रामाणिकपणा

जैन समाजाला ही विद्या नवी नाही. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ कुळातील श्रावकाने इ.स. १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांतील नाण्यांची वजने, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण आणि त्यांचे विनिमयमूल्य त्यात नोंदले आहे. मध्ययुगीन भारतातील नाण्यांविषयी इतका तपशील देणारा दुसरा ग्रंथ क्वचितच आढळेल. त्याची हस्तलिखित प्रत १९४६ मध्ये कोलकात्यात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना सापडली. नाणे वाजवून घेण्याची जी सवय आपण धंद्याची म्हणून सांगतो, तिच्यामागे असे शास्त्र उभे आहे.

मात्र परख आली की जबाबदारीही येते. समजा, एखादी वृद्ध बाई किराण्याच्या हिशेबात, डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून, चांदीचा जुना रुपया साध्या रुपयाच्या भावात देऊन गेली. दुकानदाराने ते ओळखले, पण तिने ओळखले नाही. तो रुपया गल्ल्यात टाकावा की तिला परत बोलवावे? कायद्याचे उत्तर काहीही असो. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना मापातील कमी-अधिक आणि मालातील भेसळ यांना जेथे स्थान दिले आहे, तेथे दुसऱ्याच्या अज्ञानावर मिळवलेला नफा कोणत्या बाजूला पडेल, हे समजावून सांगावे लागत नाही. बँकेच्या पाकिटात निघालेले नाणे आपण पूर्ण किंमत देऊन घेतलेले असते. समोरच्या माणसाच्या तळहातावरचे नाणे अजून त्याचे असते. या दोहोंतील अंतर जपले, तरच हा छंद निर्मळ राहतो.

उलट बाजूने आपल्यालाही फसवले जाऊ शकते. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखोंना विकले जाते, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. ही नाणी चलनात भरपूर आली आहेत; त्यांना असा भाव नाही. आधी नोंदणी शुल्क भरा, मग कर भरा, मग कमिशन भरा, अशा पायऱ्यांनी निवृत्त माणसांची आयुष्याची पुंजी उडवली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही यात वापर होऊ लागल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की ती अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही. नाणे विकण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस ठग आहे, एवढे सूत्र घरातील वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे.

जुने वाडे पाडताना भिंतीत किंवा जमिनीत नाणी सापडली तर गोष्ट वेगळी होते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ज्या भूमीत नेवाशाच्या उत्खननात सातवाहनांची नाणी निघाली, जेथे निजामशाहीचे तांब्याचे फुलूस चालले आणि मोगलांनी टांकसाळ चालवली, तेथे हा प्रसंग अगदीच अशक्य नाही.

सुरुवात कशी करावी?

खर्च काही नाही. एक भिंग, साधी कागदी पाकिटे आणि एक वही पुरे. मिळालेले नाणे चिंच, मीठ, राख किंवा पॉलिश लावून घासू नये. चकाकी येते, पण नाण्याचा मूळ पृष्ठभाग आणि त्याबरोबर त्याचे मोल जाते. नाणे कडेने धरावे. वहीत साल, टांकसाळ आणि ते कधी व कोठे मिळाले, याची नोंद करावी. जाणकारांचा सल्ला हवा असेल तर आपल्या शहरात १९६० मध्ये स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

प्रत्येक प्रकाराचे एकच नाणे ठेवावे. बाकीची चलनात सोडावीत. चिल्लर दाबून ठेवली तर बाजार अडतो आणि छंदाचे रूपांतर परिग्रहात होते. मर्यादा आखलेला संग्रहच नीट पाहता येतो आणि पुढच्या पिढीला समजावून देता येतो.

रात्री दुकान बंद झाल्यावर शंभराचे एक पाकीट घरी न्यावे. नातवंडांसमोर सतरंजीवर ओतावे. ताऱ्याची, चौकटीची आणि टिंबाची नाणी वेगळी करायला त्यांना सांगावे. बहुतेक रात्री नव्याण्णव काय, शंभरच्या शंभर नाणी साधीच निघतील आणि सकाळी गल्ल्यात परत जातील. एखाद्या रात्री त्यात २००१ चे ते जड पाच रुपये निघतील. मग नातू विचारेल, "आजोबा, २६०० वर्षांपूर्वी काय झाले होते?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची संधी पाच रुपयांत मिळत असेल, तर तो सौदा आपल्या पेढीवरील कोणत्याही सौद्याहून फायद्याचा आहे.